एक पाय उचल!

मशीनचा माणूस आला. पाठीवरची पिशवी न उतरवताच त्याने आमच्या वॉशिंग मशीनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बोर्ड गेला."

"उघडून तर बघा."

"उघडून काय बघायचं? बोर्डच आहे. नवा सात हजार दोनशेला पडेल. व्हिजिटचे साडेतीनशे तेवढे आत्ता द्या."

साडेतीनशे रुपयांत दोन शब्द, म्हणजे शब्दाला पावणेदोनशे. मी तीस वर्षं किडूकमिडूक लिहितोय, पण हा दर मला एकाही दिवाळी अंकाने दिलेला नाही. शिवाय त्यातला 'गेला' हा शब्द आम्ही घरच्या घरी फुकट म्हणू शकलो असतो.

तो गेल्यावर मी जाहीर केलं, "बोर्ड मी दुरुस्त करणार."

"आणि कपडे कोण धुणार?" हिने विचारलं.

माझ्या प्रत्येक महान संकल्पाला आमच्या घरात असा एक उपप्रश्न चिकटलेला असतोच.

बिघाड झाला तो गुरुवारी. आमच्याकडे देखभालीसाठी लाईट जाते ती बहुधा गुरुवारीच, त्यामुळे दत्ताचा आणि विजेचा उपवास पेठेत एकाच दिवशी घडतो. त्या दिवशी उपवास सुटला संध्याकाळी पाचला, आणि दिवसभराचा उपाशी माणूस ताटावर तुटून पडावा तशी लाईट घरात घुसली. ट्यूब पांढरीफटक झाली, फ्रिज कण्हला, मशीनच्या पोटात 'टप्' असा आवाज झाला आणि पाठोपाठ आमचा एमसीबी पडला. वर केला, पडला. मशीनचा प्लग काढून वर केला, राहिला. एवढ्यावरून गुन्हेगार कोण हे चौथीतल्या पोरानेही सांगितलं असतं, आणि तेही व्हिजिट न घेता.

बोर्ड बाहेर काढणं सोपं होतं. सहा स्क्रू काढले, पाच सापडले. आता खात्री करायची तर बोर्डाला दोन वायरी जोडून प्लगमध्ये खुपसायला हव्यात. घरातल्या सगळ्या प्लगांवर हिची नजर होती. तेव्हा मला जिन्यातला प्लग आठवला. तो सोसायटीचा. प्रयोग फसला तर घरचा एमसीबी शाबूत, आणि जमला तर वीज सामायिक खात्यातली. असा दुहेरी फायदा समोर दिसत असताना सदाशिव पेठेत जन्मलेला माणूस मागे फिरत नाही.

मी बटण दाबलं. मीटरच्या खोलीतला किटकॅट गेला. त्या एका किटकॅटवर जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट एवढा संसार का टाकला होता, हे आमचा वाडा पाडून ही इमारत उभी करणाऱ्यालाच ठाऊक. लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत सोसायटीचे चिटणीस होते आणि त्यांच्यासोबत मंडईतून आणलेली हापूसची पेटी. दोघांना बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. आधी पेटी काढली. चिटणीसांचाच तसा आग्रह होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना आली: 'दुसऱ्या मजल्यावरील सभासदाने आपला बिघडलेला बोर्ड वीजप्रवाहास जोडून पाहू नये. ज्ञानप्राप्तीचे इतर मार्ग उपलब्ध आहेत.' दुसऱ्या मजल्यावर आम्ही चार सभासद राहतो. पण नाव न घेता नेमक्या माणसाला लागेल असं लिहिणं ही पेठेची जुनी विद्या आहे. बाकीच्या तिघांनी ती सूचना वाचून माझ्याकडे पाहिलं.

थोडक्यात, बंद पडलेल्या बोर्डाचं निदान तो बंद ठेवूनच करायचं होतं. आधी वाटलं, हे अशक्य आहे. मग वाटलं, आपण पेठेत एरवी दुसरं करतो काय? समोर नवा भाडेकरू आला की टेम्पोतून उतरणाऱ्या सामानावरून त्याचा पगार, त्याचा स्वभाव आणि त्याच्या बायकोचं सासूशी किती पटतं हे आम्ही सांगून मोकळे होतो. त्याने तोंड उघडायची गरज पडत नाही. माणसांचं सोडा, आम्ही देवांनाही सोडलेलं नाही. आमच्या पेठेतला विठोबा उपाशी, मारुती भिकारदास आणि मुरलीधर तर चक्क खुन्या. त्यांच्यापैकी कोणाला 'देवा, तुझी बाजू काय' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. तिथे माझ्या बोर्डाची काय कथा!

पहिली पायरी डोळ्यांची. निम्मे दोष नुसते पाहून सापडतात असं जाणकार सांगतात: माथा फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर, पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडलेला सोल्डरचा टाका, ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. पंचांग वाचायचं भिंग घेऊन मी बोर्ड जेवणाच्या टेबलावर मांडला. दार मात्र उघडंच राहिलं. अर्ध्या तासात टेबलाभोवती सहा माणसं जमली.

"हा फुगलाय," पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी एका कपॅसिटरवर बोट ठेवलं.

"नाही हो काकू, तो तसाच असतो. माथ्यावरची फुली सपाट आहे, म्हणजे ठीक आहे."

"मग अंगानेच असेल. आमच्या ह्यांच्यासारखा."

चिटणीसांनी एक काळा डाग हुडकला आणि "इथे जळलंय" असा निकाल दिला. टूथब्रशने घासल्यावर डाग निघाला. ती मुंगी होती. बरीच वर्षं झाली असावीत तिला जाऊन.

एका कडेला दोन चिमट्यांत फ्यूज बसवलेला होता आणि त्याच्यावर काळी टेप नीटनेटकी गुंडाळलेली होती. "हे बघा," मी सगळ्यांना दाखवलं, "याला म्हणतात जुनी कंपनी. एवढ्याशा फ्यूजलासुद्धा कसं जपलंय!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसरी पायरी नाकाची. जळक्या पार्टला उग्र वास येतो, म्हणून तीर्थाला हात पुढे करावा तशा ओळीने सहाही जणांनी बोर्ड हुंगला. तिघांना जळका वास आला, दोघांना साबणाचा, चिटणीस तटस्थ राहिले. हिने लांबूनच सांगितलं, "आमटी करपतेय." त्या दिवशीचं बरोबर निघालेलं निदान तेवढंच.

तिसरी पायरी मीटरची. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की बुधवार पेठेत पासोड्या विठोबाला नमस्कार करायचा आणि तपकीर गल्लीत शिरायचं. वर दिव्यांच्या माळा, खाली वायरींची वेटोळी आणि मधे आपण, अंग चोरून.

"मल्टीमीटर दाखवा."

"केवढ्यातला?"

"बरोबर दाखवणारा."

"बरोबर सगळेच दाखवतात, काका. आपण काय विचारतोय ते आपल्याला कळलं पाहिजे."

त्या वेळी मला हा आगाऊपणा वाटला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्याकडे नाशिकच्या मोटवानेचा काटेवाला मीटर होता, दगडासारखा दणकट. तसा मागितला, किंमत ऐकली आणि साडेचारशेचा पिवळा डिजिटल घेऊन घरी आलो.

मल्टीमीटरमध्ये कंटिन्युइटी नावाची एक सोय असते. दोन पिनांच्या मध्ये विजेला सरळ वाट असली की 'पीं' वाजतं. ही सोय साठीच्या माणसाच्या हातात देऊ नये. त्या संध्याकाळी मी पळी वाजवली, ताम्हण वाजवलं, दाराची कडी वाजवली, शेवटी हिच्या बांगडीला पिना लावल्या. पीं! "सोन्याची आहे, वाजणारच," ही म्हणाली. पितळेची असती तरी वाजली असती, हे मी बोललो नाही. विनोदी लेखकालाही संसार असतो.

मग बोर्डाकडे वळलो. फ्यूज: पीं! 'फ्यूज उत्तम,' मी वहीत लिहिलं. बोर्डात जिथून लाईट शिरते त्या दोन टोकांना पिना लावल्या. इथे काही वाजता कामा नये. पीं! म्हणजे आत शॉर्ट होता. मी आनंदाने ओरडलो. रोग सापडल्यावर एवढा आनंद एक तर डॉक्टरला होतो, नाही तर रोग्याच्या भाऊबंदांना.

त्या दोन टोकांच्या मध्ये संशयित बरेच होते. कोटाच्या बटणाएवढी एक निळी चकती, तिला लावल्या पिना: पीं! शेजारचा चौकोनी कपॅसिटर: पीं! पुढचा ब्रिज: पीं! तिघेही गेले. मग रेझिस्टर. त्यांच्या अंगावरचे रंगीत पट्टे वाचायचं कोष्टक आम्ही कॉलेजात ग्रेट ब्रिटनच्या कुणा बी. बी. रॉयच्या आणि त्याच्या गुणी बायकोच्या नावाने घोकलं होतं. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा हजार ओम. मीटर दाखवत होता दोन हजार. गेला! रात्रीपर्यंत वहीत अकरा नावं झाली. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ही पेठ वसली ते १७६१ साली पानिपतावर पडले. त्यानंतर मृतांची एवढी लांब यादी पेठेत माझ्याच वहीत झाली असावी.

सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे रेडिओकाका जिन्याने खाली उतरले. वय चौऱ्याऐंशी. सगळी हयात रेडिओदुरुस्तीत गेली, तीही व्हॉल्व्हच्या काळापासून. त्या रेडिओंत दोन-अडीचशे व्होल्ट सहज असायचे. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो, म्हणून जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करत. काकांच्या अंगात ही सवय इतकी मुरली, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर हारसुद्धा त्यांनी एका हातानेच घातला, असं त्यांच्या मंडळी सांगतात.

"मोठा कपॅसिटर रिकामा आहे का बघितलंस?" त्यांचा पहिला प्रश्न.

"पण काका, लाईट जोडलेलीच नाही."

"बंद म्हणजे रिकामं नव्हे. आपले २३० व्होल्ट डायोडमधून गेले की त्याच्यात सव्वातीनशेच्या घरात साठतात, आणि प्लग काढला तरी बसून राहतात. भांडण मिटलं तरी रुसवा उरतो ना, तसं."

मी रबरी चपला घातल्या, लाकडी पाटावर उभा राहिलो, एक हात खिशात घातला, कुलदेवतेचं नाव घेतलं आणि पिना टेकवल्या. मीटरवर शून्य. "शॉर्टमुळे आतपर्यंत काही पोचलंच नसेल," काका म्हणाले. मी पाटावरून उतरलो. इतक्या तयारीनंतर थोडे तरी व्होल्ट निघायला हवे होते.

मग त्यांनी माझी यादी वाचली. "अकरा? अरे, तू एकेकाला विचारतोयस कुठे? तू सगळ्या आळीला विचारतोयस! दोन पिना टेकवल्यास की त्या दोन टोकांना जेवढे शेजारीपाजारी चिकटलेत, ते सगळे मिळून उत्तर देतात. दहा हजारवाला दोन हजार दाखवतोय, म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणातून पळवाटा असतील. कमी दाखवलं तर नुसता संशय धरायचा. लिहिलंय त्याहून बरंच जास्त दाखवलं, तर मात्र तो खरंच गेला. शेजारी आकडा कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत."

"मग आता?"

"एक पाय उचल."

मी उजवा पाय उचलला.

"तुझा नव्हे रे! पार्टचा."

म्हणजे असं, की पार्टच्या एका पायाचं सोल्डर तापवून पंपाने ओढून घ्यायचं आणि तो पाय बोर्डातून अलगद वर काढायचा. दुसरा तसाच राहू द्यायचा. आता शेजाऱ्यांशी संबंध तुटला, आता तो जे सांगेल ते त्याचं स्वतःचं. "घरात पाहुणे बसलेत आणि त्यांच्यासमोर पोराला विचारलंस, मार्क किती पडले, तर काय सांगणार तो? गॅलरीत एकटा घे आणि विचार."

मी सोल्डरिंग गन घेतली. टेबलक्लॉथला पडलेल्या दोन भोकांचा उल्लेख इथे टाळतो. त्यांचा पुरेसा उल्लेख घरात चालू आहे. चौकोनी कपॅसिटरचा एक पाय उचलला: एकटा असताना तो गप्प. निर्दोष. मग ब्रिज. त्यात चार डायोड असतात. मीटर डायोडवर लावला की एका बाजूने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा यावा, उलट्या बाजूने काही नाही. चौघेही बरोबर, लक्ष्मी रस्त्यासारखे एकेरी. फरक एवढाच, की डायोडमध्ये समोरून कोणी 'इथेच जायचंय' म्हणत स्कूटर घालत नाही. राहिली निळी चकती. तिचा पाय उचलला आणि बोर्ड गप्प झाला. एकट्या चकतीला पिना लावल्या: पीं!

"व्हॅरिस्टर," काका म्हणाले. चकतीवर १४डी४७१के असं लिहिलं होतं. "चौदा मिलिमीटरची चकती, चारशे सत्तर व्होल्टची. एरवी ही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण व्होल्टेज उसळून आलं की स्वतः पुढे होते आणि अंगावर घेते. फारच उसळलं की जाते."

"म्हणजे हा गुन्हेगार नाही?"

"हुतात्मा आहे."

मी वहीतली दहा नावं खोडली. जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहून झाल्यावर जसं वाटावं तसं वाटलं. पण काका जागचे हलेनात.

"हा शॉर्ट झाला तर ह्याच्या आधीचा फ्यूज उडायला हवा. तो उडाला असता तर मशीन नुसतं गप पडलं असतं. ना एमसीबी, ना किटकॅट, ना चिटणीस."

"फ्यूज उत्तम आहे काका. वाजतो."

"एवढं सगळं होऊन इतका उत्तम कसा?"

त्यांनी एका हाताच्या नखांनी काळी टेप सोडवली. आत काचेचा फ्यूज कधीच मेलेला होता. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची चांगली जाड तार गुंडाळलेली होती. तिच्यावर अख्खी इमारत चालली असती.

"कुठल्या गाढवाचं काम आहे हे?" मी कडाडलो. मशीन दुरुस्त करणारे, त्यांची पिशवी, त्यांची व्हिजिट आणि एकूण देशातली कारागिरी यांवर मी पाच मिनिटं बोललो. ही शांतपणे आत गेली आणि एक वही घेऊन आली.

मला एक सवय आहे. रोज झालेला खर्च मी लिहितोच, पण वाचवलेला खर्चही लिहितो. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात आणि आज आमच्याच पेठेत आहे. जुना कागद टाकू नये हा संस्कार इथल्या हवेतच असावा. हिने मोठ्याने वाचलं: "१४ मे २०१७. मशीनचा फ्यूज उडाला. नवा न आणता तार गुंडाळली. वरून टेप. बचत रु. ५."

"अस्सल साधन आहे," चिटणीस वही हातात घेऊन म्हणाले. "अक्षर तुमचंच."

मीटर बिचारा खोटं बोलला नव्हता. वाट आहे का, असं मी विचारलं होतं, तो 'पीं' म्हणाला. ही वाट कोणी काढली, हे मी विचारलंच नव्हतं. तपकीर गल्लीतल्या त्या मुलाचं बोलणं आठवलं. पुन्हा त्याच्याच दुकानात गेलो, नवी चकती घेतली आणि काचेचे फ्यूज घेतले दोन. एक जादा. प्रायश्चित्त.

बोर्ड तयार झाला, पण तो चालू करून पाहण्यात काकांना काडीचा रस नव्हता. "जोडायचं कशाला? मीटरने सांगितलं ना बरोबर आहे म्हणून." शेवटी हिच्या कपड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवल्यावर ते तयार झाले, पण सरळ नाही, सिरीज बल्बमधून. शंभर वॅटचा साधा दिवा बोर्डाच्या वाटेत अडसर म्हणून बसवायचा. आत अजून शॉर्ट असला तर दिवा भगभगीत पेटतो आणि बाकी काही उडत नाही. बोर्ड बरा असला तर दिवा क्षणभर लुकलुकून विझतो. दिवा पेटला तर नापास, न पेटला तर पास.

"गुरुवारी सकाळी दहाला करू," काका म्हणाले. "गुरुवारी मी मोकळा असतो."

चिटणीसांनी लेखी हमी घेतली आणि आपण त्या वेळी मंडईत असू असं कळवलं.

गुरुवारी दहाला आमच्या दिवाणखान्यात अख्खी इमारत जमली. मी रबरी चपला घातल्या. पाट घेतला. एक हात खिशात, दुसरा बटणावर. "मोरया!" म्हणत बटण दाबलं.

दिवा पेटला नाही.

"पास!" मी ओरडलो. टाळ्या पडल्या. काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. ही पाणावल्या डोळ्यांनी चादरी उचलायला निघाली. एकटे रेडिओकाका दिव्याकडे बघत होते.

"क्षणभर तरी लुकलुकायला हवा होता," ते म्हणाले.

तेव्हा माझं वर लक्ष गेलं. पंखा मंद मंद होत थांबत होता. आणि त्याच वेळी जिन्याकडून, साधारण पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधून, ओळखीचा आवाज आला: "अहो, दुसऱ्या मजल्यावरचे!"

संध्याकाळी पाचला लाईट आली. दिवा लुकलुकला, विझला, मशीन लागलं, चादरी धुऊन निघाल्या. पण त्याचं कोणाला काय? फळ्यावर नवी सूचना दुपारीच लागली होती. मी चिटणीसांना गाठून समजावून सांगितलं, की अहो, गुरुवार होता, लाईट आपली एकट्याची नाही, सगळ्या पेठेची गेली होती.

"तेच म्हणतोय मी," चिटणीस म्हणाले. "आधी निदान आपल्या इमारतीपुरती घालवायचात."